पाचव्या दिवशी काढलेला फोटो

एका केशोपचार केंद्राच्या जाहिरातीत माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा फोटो आहे आणि त्याखाली माझे शब्द आहेत: ‘पाच दिवसांत खाज गेली, लाली गेली, एकही गोळी द्यावी लागली नाही.’ ते शब्द मीच लिहिले होते आणि लिहिले त्या दिवशी ते खरेही होते. ते वाचून आणखी कोणी आईबाप तिकडे वळू नयेत म्हणून सहाव्या दिवसापासून पुढे काय झाले ते इथे लिहीत आहे.

सुरुवात कोंड्यासारखी झाली. डोक्याच्या मागच्या बाजूला नाण्याएवढा चट्टा, त्यावर राखाडी खवले आणि मुळाशीच तुटलेले केस. पंधरा दिवस कोंड्याचा शाम्पू लावून पाहिल्यावर आम्ही त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिले आणि मलाही दाखवले: काही केसांचे खुंट स्वल्पविरामासारखे वाकलेले होते. खवले खरवडून त्यांनी काचपट्टीवर घेतले, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे पाहिले आणि उरलेला नमुना कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून तिची जात ओळखण्यासाठी, पाठवला. त्या म्हणाल्या, ‘हा डोक्यातला नायटा आहे. बुरशी केसाच्या मुळात आणि केसाच्या आत शिरलेली असते, वरून लावलेले मलम तिथवर पोहोचत नाही. गोळी पोटातूनच घ्यावी लागेल.’ मुलाचे वजन २१ किलो होते. त्या हिशेबाने टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची अर्धी गोळी रोज, निदान चार आठवडे, आणि ती सुरू करण्यापूर्वी यकृताची रक्ततपासणी, असे त्यांनी लिहून दिले.

घरी येऊन मी गोळ्यांच्या पाकिटातला कागद उलगडला. बारीक अक्षरांतला ‘यकृतास इजा’ हा शब्द वाचला आणि पाकीट मिटून ठेवले. बाईंना एक फोन केला असता तर पुढचे काही घडलेच नसते.

केंद्रातल्या गृहस्थांचे पहिले वाक्य मला अजून आठवते: ‘ताई, एवढ्याशा लेकराला लिव्हरच्या गोळ्या?’ माझी भीती त्यांनी माझ्या तोंडून नीट ऐकून घेतली होती आणि तीच मला परत विकली. पुरावा म्हणून त्यांनी एक जुने कात्रण पुढे केले. बुरशीवरच्या गोळ्यांमुळे यकृत बिघडते, म्हणून २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने त्या थांबवायला सांगितल्या, अशी ती बातमी होती. बातमी खोटी नव्हती. मात्र ती केटोकोनाझोल या वेगळ्या औषधाच्या गोळ्यांबद्दल होती आणि आम्हाला लिहून दिलेल्या औषधाशी तिचा संबंध नव्हता. कात्रणातले औषधाचे नाव आणि चिठ्ठीवरचे नाव मी शेजारी ठेवून वाचले नाही.

त्यानंतर त्यांनी खोलीत अंधार केला आणि मुलाच्या डोक्यावर जांभळ्या प्रकाशाचा दिवा धरला. ‘बुरशी असती तर हिरवी चमकली असती. काही दिसते का? ही चाई आहे, रक्तातल्या उष्णतेने होते.’ मला काही दिसले नाही आणि मी खात्रीने मान डोलावली. हा प्रयोग अर्धा खरा आहे, म्हणूनच तो घातक आहे. मांजर-कुत्र्यांपासून येणारी मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी त्या प्रकाशात हिरवट चमकते, पण केसाच्या आत वाढणारी ट्रायकोफायटॉन टॉन्सुरान्स चमकत नाही. दिवा गप्प राहिला म्हणजे बुरशी नाही, असे ठरत नाही. हे मला पुढे बाईंनी सांगितले.

तीन टप्प्यांचे पैसे आगाऊ घेऊन त्यांनी एक तेल आणि छोट्या बाटलीतला ‘अर्क’ दिला. तेलाला कापराचा वास होता, अर्काला स्पिरिटचा. अर्क दिवसातून दोनदा लावायचा होता. दुसऱ्या रात्री मुलगा न खाजवता झोपला. पाचव्या दिवशी लाली जवळजवळ नाहीशी झाली, तेव्हा केंद्रातून फोन आला आणि मी फोटोसह ती कौतुकाची ओळ पाठवली. आता वाटते, तो फोन पाचव्या दिवशीच येणे हा योगायोग नसावा.

तिसऱ्या आठवड्यात चट्ट्याची कड सरकली. खाज नव्हती, पण जिथे केस होते तिथे काळे ठिपके दिसू लागले, म्हणजे त्वचेलगत तुटलेले केस. ‘जुने केस पडतात, मग नवे येतात,’ असे उत्तर मिळाले. चौथ्या आठवड्यात अर्काची बाटली संपली आणि दुसरी यायला उशीर झाला. त्या चार दिवसांत डोक्याचा तो भाग सुजून पिकल्या फळासारखा मऊ झाला, केसांच्या मुळांतून पू येऊ लागला आणि मानेमागे अवधाणाच्या गाठी आल्या. पोराला उशीवर डोके टेकवता येईना. केंद्रातून निरोप आला, ‘उष्णता बाहेर पडते आहे, आता दुसरा टप्पा सुरू करा.’ त्या वाक्यावर मात्र आम्ही दोघेही भानावर आलो.

बाईंनी रागावण्याऐवजी आधी अर्काची रिकामी बाटली मागितली. वेष्टनाची कड त्यांनी नखाने उचलली, तर खाली दुसरे वेष्टन होते. घरी आणून मी ती बाटली कोमट पाण्यात बुडवून ठेवली. वरचा पानाफुलांचा कागद निघाल्यावर खालची अक्षरे स्पष्ट झाली: क्लोबेटासोल प्रोपिओनेट ०.०५ टक्के, आणि त्याखाली डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना. हे सर्वांत तीव्र गटातले स्टिरॉइड आहे. ते सूज, लाली आणि खाज दाबते. बुरशी मात्र मरत नाही, उलट शरीराचा प्रतिकार दबल्यामुळे निवांत पसरते. ज्या आईने पोटातल्या औषधाला घाबरून पळ काढला, तिने महिनाभर नावही न विचारता हे औषध दिवसातून दोनदा चोळले.

सुजेला केरिऑन म्हणतात, असे बाईंनी सांगितले. ते गळवासारखे दिसते, पण चिरा देऊन पू काढायचा नसतो. उपचार पुन्हा तोच, पोटातून बुरशीनाशक. पहिल्या भेटीतल्या नमुन्याचा कल्चर अहवाल केव्हाच येऊन पडला होता आणि त्यावर ट्रायकोफायटॉन टॉन्सुरान्स हेच नाव होते. आमचा शोध निनावी अर्काच्या बाटलीत चालला असताना उत्तर प्रयोगशाळेच्या लिफाफ्यात होते.

यकृताबद्दलचा प्रश्न मी या वेळी विचारला. निरोगी मुलात काही आठवड्यांच्या या उपचाराने यकृताला गंभीर इजा होणे फार विरळ असते. तरीही भूक मेली, उलट्या झाल्या, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून लगेच यायचे, असे त्यांनी लिहून दिले. मायक्रोस्पोरम असती तर बहुधा ग्रिसिओफुल्विन दिले असते आणि ते स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर, अधिक आठवडे घ्यावे लागले असते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते औषध येईपर्यंत या आजारासाठी मुलांच्या डोक्यावर क्ष-किरण सोडून केस गाळत असत, हे त्यांनी जाता जाता सांगितले, तेव्हा त्या अर्ध्या गोळीकडे मी वेगळ्या नजरेने पाहिले.

उपचाराच्या पहिल्या आठवड्यात मुलाच्या कानांमागे आणि मानेवर बारीक पुरळ उठले. माझा हात पुन्हा गोळीवरून मागे आला. या वेळी मी फोन केला. मुलाला तपासून बाई म्हणाल्या की ही औषधाची ॲलर्जी नसून बुरशीविरुद्ध शरीराने दिलेली प्रतिक्रिया आहे आणि म्हणून गोळी बंद करायची नाही. केटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा सगळ्या घराने वापरला. त्याने बीजाणू दुसऱ्यांपर्यंत पसरणे कमी होते, एकट्या शाम्पूने आजार बरा होत नाही. कंगवे वेगळे केले, अभ्रे आणि टोप्या धुतल्या, धाकटीचे डोके तपासून घेतले. सहा आठवड्यांनी घेतलेल्या नमुन्यात बुरशी उगवली नाही.

केस परत आले, एक जागा सोडून. मागच्या बाजूला अंगठ्याच्या नखाएवढा गुळगुळीत व्रण राहिला आहे. तिथली केशमुळे गेली आहेत, तिथे केस येणार नाहीत.

फोटो काढून टाका असे मी केंद्राला दोनदा लेखी कळवले. त्यांनी माझे नाव काढले, फोटो आणि ओळ तशीच ठेवली. डोक्याची मागची बाजू, उजव्या कानावर छोटा तीळ आणि निळ्या कापडाची पार्श्वभूमी, असा तो फोटो आहे. तो कुठे दिसला तर तो पाचव्या दिवसाचा आहे. पाचव्या आठवड्याचा माझ्याकडे आहे, आणि जो मागेल त्याला मी तो दाखवते.