काकांची १९७८ची स्ट्रॅटोकास्टर परत मिळाली: काही महिने वाजवल्यानंतर

आधीच सांगून टाकते, ही इलेक्ट्रिक गिटार (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर, थोडक्यात स्ट्रॅट) मी आवाज ऐकून घेतलेली नाही. ती माझ्या काकांची होती. पैशांची ओढाताण सुरू असताना त्यांनी ती आपल्याबरोबर वाजवणाऱ्या एका मित्राला विकली. त्या मित्राच्या मुलांनी ती विकायला काढली, तेव्हा काका राहिले नव्हते. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लक्षात घेऊनच पुढचं वाचा.

पहिला प्रश्न अर्थातच, ही तीच कशावरून? हेडस्टॉकवरचा (खुंट्या असतात त्या टोकावरचा) क्रमांक ‘एस८’ने सुरू होतो. एस म्हणजे सत्तरचं दशक, ८ म्हणजे १९७८. पण हा क्रमांक नेकवर (हेडस्टॉक ज्याचं टोक आहे त्या दांड्यावर) असतो आणि नेक कारखान्यात बनून पडून राहत, त्यामुळे एखाद्या वर्षाचा फरक धरायचा. पिकगार्ड (बॉडीवरचं पुढचं झाकण) उघडून पॉट्सवरचे (आवाजाच्या बटणांखालच्या भागांवरचे) आकडेही पाहिले: सुरुवातीचे १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, मग दोन आकडे वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. मूळ पॉट्स असतील तर गिटार त्यापेक्षा जुनी असू शकत नाही, एवढंच यातून कळतं. वर्ष जुळलं तरी मालक जुळत नाही. तो जुळला काकूंकडच्या एका फोटोवरून. बॉडी नॅचरल फिनिशची, अ‍ॅश लाकडाची. त्यावरच्या रेषा बोटांच्या ठशांसारख्या असतात, दोन गिटारींच्या एकसारख्या निघत नाहीत. फोटोतली ब्रिजखालची (तारा बॉडीवर टेकतात त्या भागाखालची) वळणदार रेष आणि जॅकजवळचा टवका दोन्ही जागच्या जागी होते. सनबर्स्ट असती, तर कडेच्या गडद रंगाखाली निम्म्या रेषा झाकल्या गेल्या असत्या.

आता वाद्याबद्दल. सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीनं १९६५ मध्ये फेंडर विकत घेतल्यानंतरच्या गिटारींना, त्यातही सत्तरच्या दशकातल्या गिटारींना, नावं ठेवायची पद्धत आहे. काही अंशी ती रास्त आहे. माझी चार किलोच्या वर जाते; उभं राहून वाजवलं की खांदा भरून येतो, रुंद पट्टा घेतला तेव्हा कुठे बरं वाटलं. फिनिश जाड पॉलिएस्टरचं. नेक तीन बोल्टांवर बसवलेला आहे (आधीच्या गिटारींना चार असत) आणि नेक हलतो अशी सगळी टीका या तिसऱ्या बोल्टावर होते. माझ्या मते त्या बोल्टाचा फार दोष नाही. नेक हलतो तो बॉडीतली खाच सैल कापलेली असली की. माझी खाच घट्ट आहे आणि इतक्या महिन्यांत नेक तसूभर सरकलेला नाही. उलट याच रचनेमुळे प्लेटच्या भोकातून अ‍ॅलन की घालून नेकचा कोन बदलता येतो (आधी बोल्ट थोडे ढिले करायचे), आणि ट्रस रॉडचं (नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईचं) टोक हेडस्टॉकवर असल्यानं नेक न काढता तोही फिरवता येतो. साठच्या दशकातल्या स्ट्रॅटला ट्रस रॉडसाठी नेक सोडवावा लागतो, हे तिच्या भक्तांनी विसरू नये.

फिंगरबोर्डची (नेकवर बोटं दाबायच्या पृष्ठभागाची) गोलाई जुन्या पद्धतीची, ७.२५ इंच त्रिज्येची. कॉर्ड्स धरायला हात खूश. पण अ‍ॅक्शन (तारांची उंची) खाली आणून वरच्या फ्रेट्सवर (बोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) मोठा बेंड घेतला, म्हणजे तार बाजूला ओढली, की सूर मधेच मरतो. शेवटी बाराव्या फ्रेटवर जाड तारेला २ मिलिमीटर आणि बारीक तारेला १.६ मिलिमीटर ठेवलं, तेव्हा जमलं. याहून खाली अ‍ॅक्शन लागत असेल, तर अशा गिटारीच्या वाटेला जाऊच नका.

घुरघुर आहे. तिन्ही पिकअप (तारांचा आवाज टिपणारे भाग) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे, आणि मधला उलट गुंडाळलेला नाही. आजच्या बऱ्याच स्ट्रॅटमध्ये स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी (जिथे मधला पिकअप दुसऱ्या एकाबरोबर चालतो) घुरघुर गळून पडते, इथे ती पाचही जागांवर सोबत करते. मधला पिकअप बदलून टाक असं बहुतेकांनी सुचवलं. मी आत तांब्याची पट्टी लावून अर्थिंगला जोडली, कारण ती कधीही काढता येते. मूळ डाख तसेच ठेवले. संगणकाच्या मॉनिटरकडे पाठ फिरवून बसलं की पुष्कळ फरक पडतो.

ट्रेमोलोची (ब्रिज हलवून सूर डोलवायची) दांडी हरवलेली होती. नवी घेताना जपा: याला १०-३२ या इंची मापाच्या आट्यांची लागते. मेट्रिक दांडी जोर लावून घुसवली की ती बसते त्या ब्लॉकचे आटे गेलेच.

आवाज नेक पिकअपवर स्वच्छ ठेवला तर फार सुंदर आहे, घंटेसारखा नाही, थोडा कोरडा आणि मोकळा. ब्रिज पिकअप टोचतो. त्याला मूळ वायरिंगमध्ये टोनचं बटण जोडलेलंच नाही, म्हणून अ‍ॅम्पवर ट्रेबल कमी करते आणि सोडून देते.

आणि आता फ्रेट्स. मेपल बोर्डवरचं लॅकर सगळीकडे सारखं झिजलेलं नाही. पाचव्या आणि सातव्या फ्रेटजवळ, दुसऱ्या-तिसऱ्या तारेखाली लाकूड उघडं पडून काळवंडलंय. बाराव्याच्या पुढे जवळजवळ नवं आहे. काका सोलो वाजवायचे असं घरात सगळे सांगतात, बोर्ड मात्र सांगतो की ते बहुतेक वेळ कॉर्ड्सच धरून होते. मला हे भलतंच आवडलं. अडचण अशी, की त्याच ठिकाणी फ्रेट्सनाही खड्डे पडलेत. एकदा लेव्हल आणि क्राउन करून (घासून एका पातळीत आणून पुन्हा गोल करून) घेतले, अजून एकदा होईल एवढीच उंची उरली आहे. त्यानंतर रिफ्रेट, म्हणजे नवे फ्रेट्स बसवणं. मेपल बोर्डवर रिफ्रेट नीट करायचं तर बोर्ड घासून पुन्हा लॅकर चढवावं लागतं, म्हणजे ते काळे डाग गेले. गिटार दुरुस्त करणारे म्हणाले की बोर्डला हात न लावता नुसत्या फ्रेट्स बदलून देतो, कडेला थोडं लॅकर उडेल. चुलतभावाचं म्हणणं आहे, डाग गेले तर गेले, वाजली पाहिजे. सध्या मी १० ऐवजी ९च्या, म्हणजे जरा बारीक, तारा लावून दिवस काढतेय.