न्हावाशेवा ते मोंबासा : लाकडी पेटीतून मोटारसायकल पाठवणाऱ्या सेवेचा अनुभव

आफ्रिकेत स्वतःच्या मोटारसायकलवरून फिरायचे आणि त्यासाठी कर्ज काढायचे नाही, अशा दोन अटी मी स्वतःला घालून घेतल्या होत्या. त्यानुसार जानेवारी २०२३ मध्ये माझी ४११ सीसीची रॉयल एनफील्ड हिमालयन मी न्हावाशेवा बंदरातून केनियातील मोंबासाला समुद्रमार्गे पाठवली. हे काम वाशीतील एका मध्यम आकाराच्या मालवाहतूक कंपनीकडे सोपवले होते. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिच्यातील जो मोठा दोष मी पुढे सांगणार आहे तो या व्यवसायात सर्रास आढळतो आणि नाव टाळून दुसऱ्या कंपनीकडे गेल्याने तो टळत नाही.

ज्यांनी असे काम कधी केलेले नाही त्यांच्यासाठी पद्धत थोडक्यात सांगते. एकट्या मोटारसायकलसाठी पूर्ण कंटेनर घेणे परवडत नाही, म्हणून ती लाकडी पेटीत बंद करून इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये पाठवतात. याला व्यवसायात एलसीएल म्हणतात. भाडे वजनावर किंवा आकारमानावर, यांपैकी जे जास्त भरेल त्यावर आकारले जाते आणि त्यासाठी एक टन वजन म्हणजे एक घनमीटर असे समीकरण धरतात. मोटारसायकल आकाराच्या मानाने हलकी असल्यामुळे तिचे भाडे नेहमी घनमीटरवरच ठरते. पाच-सहा जणांचा गट असेल तर हिशेब बदलतो, कारण वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते आणि तो सगळ्यांनी मिळून घेतला तर परक्याच्या मालाशी संबंधच उरत नाही. मी एकटीच होते.

या कंपनीची सर्वांत चांगली बाजू म्हणजे तिचा पेटी बांधणारा माणूस. कळंबोलीतील एका गाळ्यात हे काम चालते. तेथील सुतार गेली अनेक वर्षे यंत्रांच्या पेट्या बांधत आले आहेत आणि मोटारसायकल हेही त्यांच्या लेखी एक यंत्रच आहे, हे मला फार आवडले. माझ्या गाडीची लांबी २.१९ मीटर आहे. ती आहे तशी, आरसे, काच आणि हँडलसह पेटीत ठेवली असती तर पेटी सुमारे २.३० बाय ०.९५ बाय १.४५ मीटर, म्हणजे जवळजवळ ३.१७ घनमीटर झाली असती. त्यांनी पुढचे चाक काढून ते गाडीच्या कडेला बांधले, हँडल सोडवून टाकीवर जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवले, काच आणि आरसे उतरवले आणि १.९५ बाय ०.७५ बाय १.१५ मीटरची पेटी बांधली. ती १.६८ घनमीटर भरली. अर्ध्या दिवसाच्या पान्याच्या कामाने आकारमान जवळजवळ निम्म्यावर आले आणि पुढे ज्या ज्या ठिकाणी घनमीटरवर पैसे मोजावे लागले, त्या प्रत्येक ठिकाणी ही बचत पुन्हा पदरात पडली.

पुढच्या फोर्कचे टोक त्यांनी लाकडाच्या खाचेत बसवले आणि जुनाच आस त्यातून आरपार घालून नट आवळला, त्यामुळे गाडी पेटीच्या तळाशी एकजीव झाली. मग दोन्ही बाजूंनी पट्टे ओढून सस्पेन्शन थोडे दाबले, पण पूर्ण खाली बसू दिले नाही. तसे केल्यास महिनाभरात फोर्कची सीले गळू लागतात, हे त्यांनी मी न विचारताच सांगितले. चाक काढल्यावर पुढच्या डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये त्यांनी लाकडाची एक पातळ चकती सरकवली. पेटी हलताना चुकून ब्रेकचा दांडा दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग परक्या बंदरात चाक बसता बसत नाही. एवढ्याशा चकतीला खर्च काहीच नाही, परंतु ती न घातल्याने अर्धा दिवस वाया गेलेले लोक मला पुढे भेटले.

टाकी रिकामी करून झाकण उघडे ठेवून गाडी रात्रभर तशीच उभी ठेवली होती. मला घाई होती, तेव्हा ते म्हणाले, "ताई, पेट्रोलचा वास राहिला तर पेटी गेटवरूनच परत येते. आजची रात्र जाऊ द्या." त्यांचे म्हणणे बरोबर होते. इंधनावर चालणारे वाहन हे आंतरराष्ट्रीय नियमांत यूएन ३१६६ या क्रमांकाने, जोखमीच्या मालाच्या नवव्या वर्गात मोडते. टाकी कोरडी आणि बॅटरीची जोडणी सोडवून तिची टोके झाकलेली असतील तर समुद्रमार्गे बरीच सूट मिळते; तसे नसेल तर जोखमीच्या मालाचे वेगळे शुल्क आणि वेगळी कागदपत्रे मागे लागतात.

लाकडाविषयीही एक गोष्ट पाहून घेतली पाहिजे. परदेशी जाणाऱ्या पेटीचे भरीव लाकूड ५६ अंश सेल्सिअस तापमान गाभ्यापर्यंत पोचवून किमान ३० मिनिटे तापवलेले असावे लागते आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाची अक्षरे आणि एचटी असा शिक्का हवा. माझ्या पेटीच्या दोन बाजूंवर तो स्पष्ट होता. स्वस्तात जुन्या फळ्या वापरून पेटी बांधून देणारे भेटतात, पण शिक्का नसलेली पेटी तिकडच्या बंदरात अडकली तर वाचवलेले पैसे पहिल्याच दिवशी संपतात.

कागदपत्रांचे काम कंपनीने नीट केले. कार्ने, म्हणजे गाडी तात्पुरती नेत आहोत, विकणार नाही, याची हमी देणारे पुस्तक, मी स्वतः चर्चगेटच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून काढले होते. त्याची मुदत एक वर्षाची असते आणि त्यासाठी गाडीच्या किमतीनुसार मोठी अनामत ठेवावी लागते, जी गाडी परत आल्यावर मिळते. शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीसाठी सीमाशुल्क खात्याकडे भरलेल्या कागदावर, इंजिन आणि चॅसिसचा क्रमांक अक्षरन् अक्षर बरोबर आहे की नाही, हे कंपनीच्या सीमाशुल्क प्रतिनिधीने गाडीजवळ उभे राहून तपासले. गाडी परत आणताना ती हीच गाडी आहे हे दाखवणारा तो कागद असल्यामुळे, त्या माणसाची ही दक्षता मला मोलाची वाटली. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजाने पाठवल्याच्या पावतीवर, माझे नाव आधी आरसी बुकाप्रमाणे वडिलांच्या नावासह टाकले होते. ते पासपोर्टप्रमाणे करून घ्या, असा आग्रहही त्यानेच धरला.

आता पैशांविषयी. वाशीत मी भरलेली रक्कम अशी होती: पेटी आणि बांधणीचे १६,५०० रुपये, सीमाशुल्काचे काम आणि द्रोणागिरीच्या कंटेनर फ्रेट स्टेशनातील (जेथे माल कंटेनरमध्ये भरतात त्या गोदामातील) हाताळणी यांचे १४,००० रुपये, समुद्रभाड्याचे ९,८०० रुपये, कागदपत्रांचे ३,५०० रुपये आणि विम्याचे ४,२०० रुपये. एकूण ४८,००० रुपये. त्याच सुमारास नैरोबीपर्यंत विमानाने पाठवण्याचा दर मला १,३५,००० रुपये सांगण्यात आला होता. विमानात एका घनमीटरचे वजन १६७ किलो धरतात, त्यामुळे पेटीसह २६१ किलो भरणाऱ्या माझ्या गाडीचे भाडे २८१ किलोवर लागले असते. हे आकडे शेजारी ठेवल्यावर समुद्रमार्ग निवडणे मला अगदी सोपे वाटले होते.

पेटी ४ जानेवारीला ताब्यात दिली, जहाज १२ तारखेला सुटले आणि दुबईच्या जेबेल अली बंदरात कंटेनर बदलून माल ६ फेब्रुवारीला मोंबासाला उतरला. कंपनीने सांगितलेले अठरा दिवस पंचवीस झाले. एलसीएलमध्ये कंटेनर भरेपर्यंत थांबावे लागते आणि मधल्या बंदरात पुढच्या जहाजाची वाट पाहावी लागते, त्यामुळे या उशिराची तक्रार मी करणार नाही. विमानाचे तिकीट काढताना मात्र दहा दिवस जास्तीचे धरावेत.

माझी खरी तक्रार मोंबासातील बिलाची आहे. निघण्यापूर्वी मी वाशीच्या कार्यालयात तीन वेळा विचारले होते की तिकडे किती भरावे लागेल. पहिल्या दोन वेळा "तिकडचं तिकडे बघता येईल, मॅडम" असे उत्तर मिळाले आणि तिसऱ्या वेळी दीडशे डॉलरच्या आसपास असे तोंडी सांगण्यात आले. प्रत्यक्षात मी ४१२ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ३३,८०० रुपये भरले. त्यात डिलिव्हरी ऑर्डरचे, म्हणजे माल सोडण्याच्या परवानगीपत्राचे शुल्क, कंटेनर रिकामा करण्याचे घनमीटरवर आकारलेले पैसे, बंदरातील हाताळणी, तपासणीच्या वेळी पेटी पुढे आणून ठेवण्याचे शुल्क, गोदामाचे तीन दिवसांचे भाडे आणि तेथील परवानाधारक क्लिअरिंग एजंटची फी इतक्या गोष्टी होत्या. एकूण खर्च ८१,८०० रुपयांवर गेला आणि त्यात समुद्रभाडे आठव्या हिश्श्याहूनही कमी होते.

हे असे का होते, ते मला मोंबासातील एका मराठी गृहस्थांनी समजावून सांगितले. त्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय आयातीचा. एलसीएलचा माल गोळा करणाऱ्या कंपन्यांची स्पर्धा पाठवणाऱ्याच्या गावात असते, म्हणून तेथे भाडे खाली आणले जाते. घेणाऱ्याच्या गावात मात्र स्पर्धा उरत नाही, कारण बिल ऑफ लेडिंगवर ज्या एजंटचे नाव आहे त्याच्याचकडून डिलिव्हरी ऑर्डर घ्यावी लागते आणि ती मिळाल्याशिवाय पेटी हलत नाही. त्यामुळे भाड्यात सोडलेले पैसे तिकडच्या शुल्कांतून वसूल होतात. व्यापारी माणसाला हे ठाऊक असते आणि तो दोन्ही टोकांचे दर एकत्र मागतो. आयुष्यात एकदाच गाडी पाठवणाऱ्या प्रवाशाला कोणी ते सांगत नाही, आणि वाशीच्या कार्यालयाने मी तीनदा विचारूनही सांगितले नाही, ही गोष्ट मला आजही खटकते. पैसे भरायला माझी ना नव्हती. आधी कळले असते तर मी तेवढी तरतूद केली असती आणि गोदामाचे भाडे चढत असताना पैशांची जुळवाजुळव करण्यात दोन दिवस गेले नसते.

विम्याबाबतही कंपनीने अर्धीच माहिती दिली. सागरी मालविम्यात ए आणि सी अशा अटींचे फार मोठे अंतर असते. सीमध्ये जहाज बुडणे, आग लागणे अशा मोठ्या आपत्तीच तेवढ्या येतात, तर एमध्ये वगळलेल्या बाबी सोडून जवळजवळ सगळे नुकसान येते. मला आधी सीची पॉलिसी देऊ केली होती. वाचून पाहिल्यावर मी ए मागून घेतली. जहाजावर संकट आल्यास सर्व मालमालकांना मिळून भरावा लागणारा वाटाही दोन्हींत येतो, आणि एवढ्यासाठी तरी विमा घ्यावाच.

मोंबासात ११ फेब्रुवारीला पेटी उघडली. गोदामाच्या पत्र्याखाली भर दुपारी दोन पोरांनी पहारीने वरची फळी उचलली तेव्हा आत कळंबोलीच्या गाळ्यातल्या लाकडाच्या भुशाचा वास तसाच होता. नट-बोल्टांच्या पिशव्या ज्या त्या भागाला चिकटवलेल्या होत्या, त्यांवर मार्करने मराठीत "पुढचा आस", "हँडल डावी बाजू" असे लिहिलेले होते. लाकडी चकती काढली, चाक पहिल्याच प्रयत्नात बसले, बॅटरी जोडली आणि कॅनमधून आणलेले पाच लिटर पेट्रोल ओतल्यावर तिसऱ्या प्रयत्नात इंजिन सुरू झाले. गाडीवर एकही नवा ओरखडा नव्हता. कार्नेच्या पहिल्या पानावर सीमाशुल्क अधिकाऱ्याने शिक्का मारला आणि आयातीचा तुकडा फाडून घेतला. अर्ध्या तासात मी फाटकाबाहेर होते. केनियातही वाहने डावीकडूनच चालतात, त्यामुळे पहिल्या चौकात बिचकायला झाले नाही.

तेव्हा पेटी, बांधणी आणि कागदपत्रे या तीन बाबतींत मी ही सेवा कोणालाही निःशंकपणे सुचवीन, आणि दर सांगण्याच्या प्रामाणिकपणात तिला नापास करीन. ज्यांना जायचे आहे त्यांनी पेटी ताब्यात देण्यापूर्वी उतरण्याच्या बंदरातील एजंटचे नाव आणि त्याच्या सर्व शुल्कांची यादी लेखी मागावी. प्रत्येक शुल्क घनमीटरवर आहे, दिवसावर आहे की एकरकमी आहे, हेही त्यात लिहून घ्यावे. यादी देण्यास टाळाटाळ झाली तर पेटी तिथून उचलावी, मग भाडे कितीही कमी असो.

हे लिहीत आहे ते दक्षिण आफ्रिकेतील डर्बनमधून. टांझानिया, झांबिया आणि बोत्स्वाना ओलांडून गाडी येथे पोचली आहे आणि आता ती परत न्हावाशेवाला जायची आहे. या वेळी उतरण्याचे बंदर आपलेच आहे, आणि तेथील शुल्कांविषयी मी वाशीच्या त्याच कार्यालयाला ईमेल लिहिला: यादी आल्याशिवाय येथे पेटी बांधायला घेणार नाही. दोन दिवसांत यादी आली. तिच्यात अकरा ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीपुढे आकडा आहे. उद्या सकाळी पुढचे चाक काढायचे आहे. लाकडी चकती मी टूलकिटमध्ये जपून ठेवली आहे.