किनाऱ्यावरचं ‘इको’ पार्क होम: विकलं राहतं घर म्हणून, कागदावर निघालं सुट्टीचं

इंग्लंडमध्ये निवृत्तीनंतर मोठं घर विकून समुद्राजवळ पार्क होम (कारखान्यात बनवून भाड्याच्या जागेवर ठेवलेलं, हलवता येणारं घर) घ्यायच्या विचारात असलेल्या मंडळींनी हे जरूर वाचावं. स्टॅम्प ड्यूटी नाही, छपरावर सोलर, हीट पंप, भिंतींत भरपूर इन्सुलेशन. हे सगळं खरं असूनही माणूस पुरता फसू शकतो, कारण खोट घरात नसते, ते ज्या पिचवर (साइटवरच्या भाड्याच्या जागेवर) उभं आहे त्या साइटच्या परवान्यात असते.

विक्रेता सांगतो, “साइट 12 महिने खुली आहे, खुशाल वर्षभर राहा.” परवाना मात्र हॉलिडे साइटचा असतो. म्हणजे वर्षभर येता-जाता येतं, पण मुख्य घर दुसरीकडे हवं. करारात एक कलम दडलेलं असतं: मागितल्यास दुसऱ्या पत्त्याचं कौन्सिल टॅक्सचं (स्थानिक घरपट्टीचं) बिल दाखवावं लागेल. “मुलाचा पत्ता द्या, सगळे तेच करतात,” असं कानावर आलं की तिथूनच परत फिरा. कौन्सिलने हरकत घेतली तर हाच विक्रेता हात वर करतो. पार्क होममध्ये राहणाऱ्यांना जागेवर राहण्याचा हक्क देणाऱ्या 1983 च्या मोबाइल होम्स ॲक्टचं संरक्षण निव्वळ हॉलिडे साइटला नाही. करारही ठरावीक वर्षांचाच असतो. मुदत संपली की घर हलवा, नाहीतर पैशांवर पाणी सोडा.

परवान्याची खातरजमा विक्रेत्याकडे नको, कौन्सिलकडे करा. 1960 च्या कायद्यानुसार साइट परवान्यांची नोंदवही कौन्सिलकडे असते आणि ती कुणालाही बघता येते. “हे माझं एकमेव घर म्हणून मला इथे राहता येईल का?” एवढंच ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखी येईपर्यंत डिपॉझिट देऊ नका.

निवासी साइटवर नवं घर घेताना रिटन स्टेटमेंट (कराराच्या अटींचा लेखी कागद) करार व्हायच्या 28 दिवस आधी हातात पडायला हवं. “सवलत शुक्रवारपर्यंतच” असं सांगून ही मुदत कमी करायच्या संमतीवर सही घेतली जाते. ती देऊ नका, कारण पार्क होमचे कायदे जाणणाऱ्या सॉलिसिटरला कागद दाखवायला तेवढेच दिवस मिळतात. पुढे घर विकताना साइटमालक 10 टक्क्यांपर्यंत कमिशन घेऊ शकतो, हेही हिशेबात धरा.

आता ‘इको’चं. निवासी घराला बीएस 3632 मानक लागतं. कागदपत्रांत ईएन 1647 दिसलं, तर ते सुट्टीचं कॅराव्हॅन आहे, हिवाळा काढायला बांधलेलं नाही. सोलरची वीज विकून पैसे मिळतील असं सांगतात, पण वीज साइटमालकाच्या जोडणीतून येत असेल तर तुमच्या नावाचा एमपॅन नंबर (वीजजोडणीचा ओळख क्रमांक) नसतो आणि त्याशिवाय ग्रिडला दिलेल्या विजेचे, म्हणजे स्मार्ट एक्स्पोर्ट गॅरंटी योजनेचे, पैसे मिळत नाहीत. पिचला किती अँपिअर मिळतात तेही विचारा. कमी असतील तर हीट पंप आणि शेगडी एकदम लावली की ब्रेकर पडतो. घराखाली वाकून चॅसी (खालचा लोखंडी सांगाडा) बघा. खाऱ्या हवेत गॅल्व्हनाइझ न केलेलं लोखंड लवकर गंजतं. घराच्या खालच्या बाजूला भोवती लावलेल्या विटांच्या स्कर्टिंगमधल्या हवेच्या जाळ्या बुजलेल्या असतील तर फरशीखाली ओल धरते.

किनाऱ्याची धूप तर ब्रोशरमध्ये कधीच नसते. नॉरफोकमधल्या हेम्सबीला 2018 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये कड्यावरची घरं पाडावी लागली. धुपेत गेलेल्या घराची सरकारी भरपाई सहसा मिळत नाही. त्या पट्ट्याचा शोअरलाइन मॅनेजमेंट प्लॅन (किनारा कुठे राखायचा याचा अधिकृत आराखडा) उघडा. ‘नो ॲक्टिव्ह इंटरव्हेन्शन’ लिहिलं असेल, तर तिथे बांध घालायचा बेत नाही.

सही होऊन गेली असेल तर ईमेल, जाहिरात, पावत्या काही टाकू नका आणि सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेला लगेच फोन करा. निवासी पार्क होमबाबत लीझहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिस मोफत सल्ला देते.