स्पोर्ट्स कारचे ब्रेक पॅड: सिरॅमिक की ट्रॅकचे?

रोज ऑफिसला नेत असाल तर सिरॅमिकच घाला. सकाळी गार असतानाही पहिल्या दाबाला धरतात, आवाज नाही, चाकांवर काळी भुकटीही कमी. ट्रॅकचे पॅड सिग्नलला किंचाळतात, डिस्क (चाकासोबत फिरणारी, पॅड जिला धरतात ती चकती) खातात. पण कोइम्बतूरच्या कारी रेसिंग ट्रॅकवर फेऱ्यांमागून फेऱ्या मारायच्या तर तेच हवेत. तिथे सिरॅमिक तापून हात टेकतात.

बसवणं सारखंच. नंतर पेडल पंप करून घट्ट झाल्याशिवाय गाडी हलवू नका!

मुरवण्यात, म्हणजे नवे पॅड ब्रेक मारून डिस्कशी जुळवून घेण्यात, मात्र फरक. सिरॅमिकला मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० किमीवरून २० पर्यंत आठ-दहा दमदार ब्रेक पुरतात. ट्रॅकच्या पॅडला जास्त वेग, जास्त उष्णता. मध्ये पूर्ण थांबायचं नाही. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहिलात की पॅडचा ठसा उमटतो, मग ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं.