पडद्यांच्या कापडासाठी मंगळदास मार्केट: निवड भरपूर, उजेड अपुरा

पडद्यांसाठी सुती कापड हवे असेल आणि खिडकीचे माप लिहून जवळ ठेवलेले असेल, तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगळदास मार्केटइतकी निवड मला मुंबईत इतरत्र आढळलेली नाही. घरी येऊन माप घेण्यापासून पडदे टांगून देण्यापर्यंतचे सगळे काम एकाच माणसाकडे सोपवायचे असेल, तर मात्र उपनगरातले फर्निशिंगचे दुकानच बरे.

हा बाजार मुख्यतः ड्रेस मटेरियल आणि शर्टिंगचा असल्यामुळे खास पडद्यांचे कापड थोड्याच गाळ्यांत मिळते. पण उत्तम वीण असलेले साधे सुती कापड पडद्यांनाही चालते, आणि तिथेच पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा, हिशेब आडवा येतो. ६ फूट रुंदीच्या खिडकीला बऱ्यापैकी चुण्या पडायच्या तर दुप्पट, म्हणजे १४४ इंच कापड लागते. फर्निशिंगच्या ४८ इंची पन्ह्याचे ३ पाट, म्हणजे शेजारी शेजारी जोडायचे उभे तुकडे, त्याला पुरतात. ड्रेसच्या ४४ इंची पन्ह्याचे मात्र ४ घ्यावे लागतात. पडद्याची उंची ५ फूट धरली आणि वरखालच्या दुमडीसाठी आणखी १ फूट धरला, तर पहिल्या हिशेबाने आटण्याची सोय ठेवून ६ मीटर आणि दुसऱ्याने सुमारे ८ मीटर कापड होते. त्यामुळे कमी पन्ह्याचे कापड मीटरमागे निदान पाव हिश्श्याने स्वस्त असेल तरच ते घेण्यात अर्थ आहे. भाव विचारण्याआधी पन्हा विचारावा. तो सांगायला तिथला कोणताही विक्रेता कुरकुर करत नाही.

कापड दाखवण्याची तिथली पद्धत पाहण्यासारखी आहे. विक्रेता तागा हातातल्या हातात उलगडत पुढ्यात टाकतो, मीटरपट्टीला लावून मोजतो, काठावर कात्रीने बोटभर छेद देतो आणि उरलेले कापड टर्रकन फाडतो. पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होते खरे, पण सुती कापड असे फाडले की ते आडव्या धाग्यावरच फाटते आणि पडद्याची खालची कड तिरकी होत नाही. छापील कापडाला ही पद्धत लागू करू देऊ नये, कारण छपाई धाग्याला समांतर असेलच असे नाही. तिथे नक्षी जुळवून कात्रीनेच कापायला सांगावे आणि नक्षी जुळण्यासाठी थोडे जास्तीचे कापडही घ्यावे.

बाजाराचा मोठा दोष म्हणजे उजेड. छपराखालच्या अरुंद गल्ल्यांत दिवसाही ट्यूबलाइटच्याच प्रकाशात रंग पाहावा लागतो. तिथे मोतिया दिसणारे कापड पश्चिमेच्या खिडकीत, चार वाजताच्या उन्हात, चक्क पिवळे दिसू शकते. शिवाय उन्हासमोर धरल्याखेरीज विणीची खरी विरळ-दाटही कळत नाही. म्हणून आधी अर्धा मीटर कापड विकत घ्यावे, घरच्या खिडकीत दिवसभर टांगून पाहावे आणि मगच पुरते माप घ्यावे. या तुकड्याला पाणी दाखवून तो किती आटतो हेही त्याच वेळी समजते. रेशीम मात्र कितीही मोहात पाडो, थेट ऊन येणाऱ्या खिडकीला लावू नये. ते उन्हाने विरते. तिथे पॉलिस्टर अधिक टिकते, हे सुती कापडाच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागेल.

ब्लॅकआउट, म्हणजे उजेड पुरता अडवणारे, कापड घ्यायचे असेल तर मागे लेप दिलेल्यापेक्षा घट्ट विणीचे घ्यावे. उघड्या खिडकीशी आपले पडदे पावसाळाभर दमट राहतात, तिथे लेपाच्या कापडाचा जाच फार होतो, आणि ते धुण्याचीही पंचाईतच असते.

शिलाईसाठी बाहेरचा शिंपी शोधावा लागतो, आणि खरी परीक्षा तिथेच असते. आमच्या उपनगरातल्या एका शिंप्याने, वारंवार सांगूनही, सुती कापड न भिजवताच त्याला पॉलिस्टरचे अस्तर जोडले. पहिल्या धुण्यात कापड आटले, अस्तर होते तेवढेच राहिले आणि पडद्याखालून परकरासारखे डोकावू लागले. कापड स्वतः भिजवून, वाळवून, इस्त्री करून शिंप्याकडे द्यावे, हा त्यावरचा एकच उपाय. आयलेटचे, म्हणजे वरच्या काठात दांडी ओवण्याची कडी बसवलेले, पडदे असतील तर प्रत्येक पडद्यावरची कड्यांची संख्या सम असावी, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. समुद्राजवळच्या घरांनी लोखंडी कडी टाळावीत, कारण खाऱ्या हवेत ती लवकर गंजतात आणि त्यांचे डाग कापडावर उतरतात.

भावाच्या बाबतीत घासाघीस करण्याची तयारी हवी, मात्र काही गाळ्यांवर एकच भाव असतो आणि तिथे हुज्जत घालून उपयोग होत नाही. रविवारी बाजार बंद असतो. सणासुदीच्या तोंडावर गर्दीत तागे उलगडून पाहणे अशक्य होते, तेव्हा आठवड्यातल्या एखाद्या दिवशी सकाळीच जावे आणि पाटांचा हिशेब लिहिलेला कागद व स्वतःची मोजपट्टी सोबत न्यावी.