सिनॉलॉजी डीएस ९२३ प्लस: चार बे (डिस्कचे कप्पे) आहेत, डिस्क तीनच घातल्यात

आमचं शाहूपुरीत डिजिटल बोर्डचं काम. वाढदिवस, मंडळं, तालमी, निवडणुका, कोल्हापुरात यातलं एक तरी बारमाही चालूच असतंय, आणि गिऱ्हाईक येऊन म्हणणार दादा मागल्या वर्षीचाच बोर्ड काढा, फक्त भाऊंचा फोटो बदला. म्हणजे जुनी कोरलड्रॉची (डिझाईनच्या सॉफ्टवेअरची) फाईल टाकून द्यायची सोय नाही. म्हणून हे नॅस, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना नेटवर्कवरनं वापरता येणारा डिस्कचा बॉक्स, घेतलं, आता बऱ्यापैकी वापरून झालंय तर लिहितोय.

बॉक्स भारी आहे. ४ जीबी रॅम येते, आमच्या चार कॉम्प्युटरना पुरून उरते. नेटवर्क पोर्ट दोन आहेत पण साधे गिगाबिट, म्हणजे एका कॉम्प्युटरवर कॉपी करताना सेकंदाला ११० एमबीच्या पुढं जात नाही, १० गिगाबिट पाहिजे तर कार्ड वेगळं घ्या. या किमतीत हे खटकतंच.

खरी डोकेदुखी रेड कुठलं लावायचं ही. रेड म्हणजे बऱ्याच डिस्क एकत्र बांधून, एखादी गेली तरी डेटा राहील अशी मांडणी. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. ४ टीबीच्या चार डिस्क धरल्या तर रेड ५ मध्ये १२ टीबी जागा मिळते आणि एक डिस्क गेली तरी चालतं. रेड ६ आणि रेड १० दोन्हीत जागा ८ टीबीच, पण फरक आहे: रेड ६ मध्ये कुठल्याही दोन जाऊ देत, डेटा राहतो. रेड १० मध्ये दोन-दोनच्या जोड्या असतात, एक डिस्क गेली आणि तिचीच जोडीदार गेली की खेळ खलास, दुसऱ्या जोडीतली गेली तर वाचलात. रेड १० चं कौतुक स्पीडसाठी असतंय, पण गिगाबिट वायर तीन डिस्कनीच भरते मग तो स्पीड घेऊन आम्ही काय करणार?

आम्ही ४ टीबीच्या तीनच आयर्नवुल्फ (नॅससाठी बनवलेल्या सीगेटच्या डिस्क) घातल्या आणि एसएचआर लावलं, सिनॉलॉजीचं स्वतःचं, एका डिस्कचं संरक्षण देणारं. जागा ८ टीबी (स्क्रीनवर ७ च्या आसपास दिसते, ते मोजणीच्या पद्धतीमुळं, घाबरू नका). एसएचआरचा फायदा म्हणजे पुढं चौथ्या बेमध्ये मोठी डिस्क घालून जागा वाढवता येते. चौथ्या डिस्कचे पैसे यूएसबी डिस्कमध्ये घातले, हायपर बॅकअप या सिनॉलॉजीच्याच ॲपनं तिच्यावर बॅकअप घेतो आणि ती कळंब्याला घरी नेऊन ठेवतो. रेड कशासाठी, तर डिस्क गेली तरी गिऱ्हाईक समोर उभं असताना काम थांबू नये म्हणून. फायली वाचवायचं काम त्याचं नव्हेच.

आमच्यातल्या पोरानं एका मंडळाच्या बोर्डवर दुसऱ्याच मंडळाचा मजकूर टाकून त्याच नावानं सेव्ह मारला. रेड ६ असतं तरी ती चुकीची फाईलच इमानदारीनं सांभाळली असती. वाचवलं स्नॅपशॉटनं (ठराविक वेळची फायलींची जपून ठेवलेली स्थिती), विंडोजमध्ये राइट क्लिक, प्रीव्हियस व्हर्जन्स, सकाळची फाईल हजर. पण त्यासाठी व्हॉल्यूम (डिस्कवरची जागा) बीटीआरएफएस या फाईल सिस्टीमवर पाहिजे आणि स्नॅपशॉटचं शेड्युल आपणच लावायचं, ते आपोआप लागत नाही.

आणि पाणी. २०१९ आणि २०२१ चा पूर कोल्हापूरकराला सांगायला नको. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. बॉक्स माळ्यावर ठेवलाय, तरी ३९ चा मेसेज आला की उचलून घरी न्यायचा असं ठरलंय, कारण पाण्यात गेल्यावर तिन्ही डिस्क एकदमच जाणार, मग रेड ५ काय आणि १० काय.

डिस्क घेताना जरा डोळे उघडे ठेवा. इथल्या एका दुकानदारानं कॅमेऱ्याची डिस्क गळ्यात मारायला बघितली, "चालतीय की ओ सगळ्यात". ती सलग रेकॉर्डिंगसाठी बनवलेली असते, इथं तिचं काम नाही. सीएमआर आहे का हे मॉडेल नंबर बघून खात्री करा (सीएमआर डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिते, एसएमआर एकमेकांवर चढवून, म्हणून ती रेडमध्ये हळू पडते), २०२० मध्ये डब्ल्यूडी रेडच्या (हे डिस्कचं नाव, वरचं रेड नव्हे) काही मॉडेलमध्ये न सांगता एसएमआर निघाल्यावर केवढा गोंधळ झालावता. आणि तिन्ही डिस्क एकाच लॉटच्या घेऊ नका. दोन इथं घेतल्या, एक पुण्यातनं मागवली.

चालू मशीनमधनं मुद्दाम एक डिस्क ओढून बघितली. बीप बीप करून दुकान डोक्यावर घेतं, स्क्रीनवर डिग्रेडेड येतं, पण उघडी फाईल तशीच चालू राहिली. डिस्क परत घालून रिपेअर रात्रभर लावलं. या वेळात उरलेल्या डिस्क झिजेपर्यंत वाचल्या जातात, दुसरी जायची भीती तेव्हाच. आमच्या ४ टीबीला ही रिस्क परवडते, कोण १६-१६ टीबीच्या लावत असेल तर मात्र दोन डिस्कचं संरक्षण घ्याच, जागेकडं बघू नका.

यूपीएस यूएसबीनं जोडा, लाईट गेली की बॉक्स स्वतःच नीट बंद होतो. २०२५ च्या प्लस मॉडेलला कंपनीनं आधी स्वतःच्याच डिस्कची सक्ती केली, बोंबाबोंब झाल्यावर डीएसएम (बॉक्सची सिस्टीम) ७.३ मध्ये सैल केली, तेव्हा नवं मॉडेल घेणाऱ्यांनी कुठली डिस्क चालते ती यादी आधी बघून घ्या. पाचात चार स्टार, एक त्या गिगाबिट पोर्टपायी कापला.