बाणेरचा मांजरांचा कॅफे: पिल्लं ५ स्टार, कॉफी २ स्टार, माणसाचं बाळ काचेपलीकडे

आधी कामाचं सांगते. पुण्यात बाणेरच्या आतल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर आहे, नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण शनिवार-रविवारचा स्लॉट आत्ताच मिळत नाही आणि मीच गर्दी वाढवायची न मग मीच वैतागायचं हे मला परवडणारं नाही, ज्याला शोधायचाय त्याला मॅपवर सापडेल. तासाला माणशी ३५० रुपये, त्यात एक कॉफी नाहीतर लिंबू सरबत. बूट बाहेर काढायचे, हात साबणाने धुवायचे, सॅनिटायझर चालत नाही कारण मांजरं सारखी अंग चाटतात आणि आपल्या हाताचं अल्कोहोल त्यांच्या पोटात जातं. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं त्यामुळे दारातच एक मार्क दिला.

बाहेरच्या भागात साधी टेबल-खुर्च्या, मधे मोठी काच, काचेच्या आत मांजरं. आतमधे १० वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. भिंतीवर पाटी आहे, अस्सल पुणेरी: "पिल्लू तुमच्याकडे आले नाही तर तो त्याचा निर्णय आहे. पैसे परत मिळणार नाहीत." मी फोटो काढला लगेच.

तर आम्ही तिघी कॉलेजच्या मैत्रिणी, त्यातली एक पाच महिन्यांच्या लेकीला घेऊन आलेली. बाळ आत नेता येत नाही म्हणून पाळी लावली, दोघी आत, एक बाहेर बाळाला घेऊन. आणि पहिलीच पाळी कोणाची यावर जे झालं ते ऐका, बाळाची आईच म्हणाली, "हे बघा, हिला तुम्ही धरा, मला आत्ता फक्त मांजरं बघायचीयेत." आणि गेली पण.

आतला सीन सांगते. गादीवर एक करड्या रंगाचं पिल्लू ओकलं. सगळ्या हॉलमधून "अरे बिचारं गं" असा आवाज आला, एक मुलगा तर आपला रुमाल काढून पुसायला धावला. मग थोड्या वेळानी बाहेर आमच्या बाळानी दुधाची गुळणी टाकली, अगदी इतकुशी, तर शेजारच्या टेबलवरच्या जोडप्यानी काही न बोलता खुर्च्या सरकवल्या. मैत्रीण हसायला लागली पण मला वाटतं तिला लागलं थोडं. मग आमचा उरलेला सगळा वेळ याच वादात गेला, की हे असं का होतं.

कारण गोडपणाचा साचा तर दोघांचा एकच आहे. ऑस्ट्रियाचा प्राणीशास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झ यानी १९४३ मधे हे मांडून ठेवलंय, शरीराच्या मानानी मोठं डोकं, पुढे आलेलं कपाळ, चेहऱ्यावर खालच्या बाजूला मोठ्ठे डोळे, गोबरे गाल, आखूड जाडसर हातपाय, अडखळत चालणं. हे दिसलं की आपण विरघळतो, म्हणजे आपली पोरं आपल्या हातून जगावीत म्हणून निसर्गानी केलेली सोय. मग मांजराचं पिल्लू, कोकरू, वासरू या सगळ्यांना त्याच सोयीचा फुकट फायदा मिळतो. इथपर्यंत ठीक. पण साचा एकच तर पिल्लू जिंकतं का?

माझं मत असं की पिल्लू आपल्याला योग्य वयात दाखवतात आणि बाळ नको त्या वयात. कॅफेवाले पहिली लस झाल्याशिवाय कुठलंही पिल्लू हॉलमधे आणत नाहीत, म्हणजे दोन महिन्यांच्या आसपासचं किंवा पुढचंच. आता मांजराचं पिल्लू जन्मतं तेव्हा काय असतं, डोळे मिटलेले, ते उघडायलाच आठवडा-दीड आठवडा जातो, कान चिकटलेले, धड चालता येत नाही, उंदरासारखं दिसतं. ते कोणी तुम्हाला ३५० रुपये घेऊन दाखवत नाही. कुत्र्यांवर तर २०१८ चा अभ्यासच आहे, अॅरिझोनातल्या क्लाइव्ह विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, त्यात लोकांना कुत्र्याची पिल्लं सगळ्यात गोड वाटली ती साधारण सहा ते आठ आठवड्यांची, म्हणजे बरोबर आई दूध तोडते त्या सुमाराला. आईचा हात सुटायला लागतो तेव्हा माणसाला भुरळ पडते, कसलं टायमिंग आहे बघा.

आणि माणसाचं बाळ? बाराव्या दिवशी बारसं. लालबुंद, सुरकुतलेलं, काजळ फासलेलं, टाळू तेलानी चपचपीत, झबलं-टोपडं घालून कार्यालयातल्या उकाड्यात शंभर लोकांच्या हातातून फिरतं. कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मधे हेच तपासलं, मोठ्या माणसांना नवजात बाळांच्या चेहऱ्यापेक्षा तीन आणि सहा महिन्यांच्या बाळांचे चेहरे जास्त गोड वाटले. म्हणजे बाळाचा सर्वोत्तम काळ यायच्या आधीच आपण त्याचा जाहीर कार्यक्रम उरकून टाकतो आणि नंतर म्हणतो मला बाबा मांजरंच आवडतात. आमच्या पाच महिन्यांच्या बाईसाहेब तर खरं पूर्ण फॉर्मात होत्या, दात नसलेलं हसू वगैरे, तरी खुर्च्या सरकल्याच. म्हणजे वय हे एक कारण झालं, पण तेवढ्यानी भागत नाही.

दुसरं कारण मला जास्त पटतं आणि ते गोडपणाचं नाहीच, ते आजूबाजूच्या माणसांचं आहे. दुसऱ्याचं बाळ हातात घेणं म्हणजे तोंडी परीक्षा असते. "अगं मान धर, मान!", "नाक कोणावर गेलंय सांग", "बघ कशी शोभतीये तुझ्या हातात", आणि मग तो प्रश्न येतोच, "तुझं कधी?" मी पस्तिशीची आहे, हा प्रश्न मला लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्याला पण विचारलाय. बाळ बिचारं काही विचारत नाही पण त्याच्या मागे मावशी, काकू, सासूबाई अशी पूर्ण कमिटी उभी असते. पिल्लाच्या मागे कोणी नाही. त्याचं नाक कोणावर गेलंय याची कोणाला पडलेली नाही. ते मांडीवर येऊन झोपलं तर झोपलं, गेलं तर गेलं, पाटीवर लिहिलंयच. आणि एक तासानी तुम्ही उठून घरी. आपल्याकडे "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं" म्हणतात, पण पिल्लू आपलंही नसतं आणि दुसऱ्याचंही, त्यामुळे त्याला कार्टं म्हणायची वेळच येत नाही.

आवाजाचा मुद्दा पण आहे. बाळ रडायला लागलं की कान बंद करता येत नाहीत, करता येऊ नयेत म्हणूनच ते तसं रडतं. मांजर मात्र इथे भयंकर हुशार निघालं. ससेक्स विद्यापीठाच्या कॅरेन मॅककोंब यांनी २००९ मधे दाखवलं की भुकेलं मांजर माणसाकडे खायला मागताना जी गुरगुर करतं तिच्यात एक उंच सूर मिसळलेला असतो, तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या जवळ जाणारा, आणि ज्यांनी कधी मांजर पाळलेलं नाही त्यांनाही ती गुरगुर जास्त निकडीची वाटते. म्हणजे रडणं तेच, फक्त आपल्याला पचेल एवढ्या आवाजात. म्हणून आपण उठून दूध देतो आणि वर म्हणतो किती गोड मागतंय.

लगेच कोणी म्हणेल आजकालच्या लोकांना माणसांपेक्षा प्राणीच प्यारे. तसं नाहीये. अमेरिकेत आर्लुक आणि लेव्हिन या दोन समाजशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मारहाणीची खोटी बातमी वाचायला दिली होती, कोणाच्या बातमीत बाळ, कोणाच्या तिशीतला माणूस, कोणाच्या कुत्र्याचं पिल्लू, कोणाच्या मोठा कुत्रा. बाळ आणि पिल्लू जवळजवळ बरोबरीत, सगळ्यात कमी कळवळा आला तो मोठ्या माणसाचा. म्हणजे बाळावर कोणाचा राग नाही, राग असलाच तर आपल्यावर आहे, मोठ्यांवर, आणि बाळ एकटं कधी येतच नाही.

माझ्या शेजारी एक मुलगी दात आवळून पिल्लाला म्हणत होती "खाऊन टाकू का तुला, चावू का", तिचा बॉयफ्रेंड जरा घाबरलेला दिसला. घाबरू नका, याच्यावरही तेव्हा अमेरिकेतल्या येल विद्यापीठात असलेल्या ओरियाना अॅरगॉन यांचं २०१५ चं काम आहे, आनंद अनावर झाला की माणूस उलटं वागून स्वतःला आवरतो असं त्या म्हणतात. आमची आजी शेजारच्या बाळांचे गाल असेच खायची, तिला कोणी काही म्हणायचं नाही. कोपऱ्यात एक आयटीवाला लॅपटॉप उघडून बसला होता, त्याचंही बरोबरच असेल, हिरोशिमा विद्यापीठाच्या २०१२ च्या प्रयोगात पिल्लांचे फोटो बघितल्यावर विद्यार्थ्यांनी नाजूक, लक्ष लागणारी कामं जास्त नीट केली. फक्त तिथे फोटो होते, इथे पिल्लू कीबोर्डवरच झोपलेलं.

आता तक्रारी. कॉफी पाणचट आहे, इतकी की खाली उतरून शेजारच्या अमृततुल्यचा चहा प्यायला तेव्हा जिवात जीव आला. एसीचा जोर कमी, मागच्या बाजूला वाळूच्या ट्रेचा वास येतो, लपत नाही. सँडविच मागवू नका.

स्टाफ मात्र खरंच चांगला. एक पिल्लू फार जणांच्या हातात गेलं की एक ताई येऊन ते शांतपणे उचलून आत नेतात आणि पाऊण तास परत आणत नाहीत, कोणी कितीही तोंड वाकडं करो. फ्लॅश बंद. दत्तक घ्यायचं असेल तर मुलाखत होते, घर भाड्याचं का स्वतःचं, बाल्कनीला जाळी आहे का, गावाला गेलात तर कोण बघणार, घरातल्या सगळ्यांना चालणार आहे का. मला कोणीतरी सांगा, मूल होऊ द्यायच्या आधी असं कोण विचारतं?

आणि एक गोष्ट ज्याच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. खिडकीपाशी मोठी मांजरं बसलेली असतात, चार-पाच वर्षांची, त्यात एक केशरी बोका, एका डोळ्यानी अधू. त्या सगळ्या तासात त्याच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. ताई म्हणाल्या, "पिल्लं पटापट जातात हो, मोठी राहतात, आणि सहा महिन्यांनी हीच पिल्लं मोठ्यांत मोडतात." लोरेन्झचा साचा उतरला की संपलं. मी त्याच्याशेजारी जाऊन बसले तर तो दहा मिनिटांत मांडीवर आला, जड, उबदार, नखं आत घेऊन. पिल्लांनी तोवर माझी ओढणी उसवली होती. मोठ्या मांजरांसाठी दत्तक फी निम्मी ठेवलीये पण ते कुठेही लिहिलेलं नाही, विचारावं लागतं. कॅफेवाल्यांनो, तुमच्या त्या पाट्या लिहिणाऱ्या माणसाला या कामाला लावा.

जायचं असेल तर दुपारचा स्लॉट अजिबात घेऊ नका, मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला जागी असतात, दुपारी ३५० रुपये भरून झोपलेली शेपटी बघावी लागते. संध्याकाळी सहाचा घ्या, ट्रॅफिक धरून अर्धा तास आधी निघा. काळे कपडे नकोत. बाळ असेल तर तिघं-चौघं मिळून जा आणि पाळी लावा, बाहेरच्या भागात पाळणा किंवा बदलायची जागा नाहीये, ती त्यांनी करावी असं मी तिथल्या वहीत लिहून आलीये. आईला पहिली पाळी द्या.